सोडलेला लसूणपाव

मॉन्टेरी
९ मार्च १९८७

चि. पिना हिस आईचे अनेक आशीर्वाद.

पाकिटावर सिस्टर वेरोनिका असं लिहिलं आहे, नाहीतर पत्र तुमच्या मठाच्या दारातच अडेल. आत मात्र मी पिनाच लिहिणार. उपवासकाळात आलेली पत्रं मदर कुणाच्या हाती देत नाहीत, ईस्टरच्या सकाळी एकदम देतात, हे ठाऊक आहे. तरी लिहायला बसले. तुझ्या हाती पडेपर्यंत हे शिळं झालेलं असेल. चालेल. घरात मी आणि बाबा दोघंच, आणि ज्याविषयी बोलावंसं वाटतं ते त्यांच्यापाशी काढता येत नाही.

घरी सगळं ठीक आहे. बाबांचा घसा जरा धरला आहे. यंदा धुकं हटायलाच तयार नाही, त्याने असेल. सध्या सूपावर चाललं आहे.

शुक्रवारी पाव केला. तुझ्या आंबवणाला आदल्या संध्याकाळी पीठ-पाणी दिलं, सकाळी चमचाभर पाण्यात सोडून पाहिलं, छान तरंगलं. सगळं तू शिकवलंस तसंच करते. कणीक तिंबायची नाही, ओल्या हाताने चारी बाजूंनी ओढून घड्या घालायच्या, आणि जाड लोखंडी भांड्यात झाकून भाजायचं. त्याच ओव्हनच्या कोपऱ्यात लसणाचा अख्खा गड्डा ठेवते, म्हणजे त्याच्यासाठी वेगळा गॅस जळत नाही. भाजलेल्या पाकळ्या पिळून काढायच्या आणि त्यात एकच कच्ची पाकळी जाड्या मिठाबरोबर खलबत्त्यात कुटून घालायची. तू सगळं लोणी घालायचीस. मी निम्मं लोणी, निम्मं तेल घालते. महिनाअखेरीला हिशोब लिहिताना लोण्याचा आकडा डोळ्यांत खुपतो. मग पाव बुडापर्यंत न कापता चिरा पाडायच्या, त्यात लसूण सारायचा, कागदात गुंडाळून तापवायचा आणि शेवटी उघडून ज्वाळेखाली धरायचा. कडा काळपट व्हायला लागल्या की आपल्या घरात कुणाला हाक मारावी लागत नसे. बाबा आधीच टेबलाशी येऊन बसलेले असत.

या शुक्रवारी मात्र त्यांनी तुकडा उचलला नाही. "भूक नाही," म्हणाले. उरलेला पाव मी नुन्झिया आत्याकडे पाठवून दिला.

तुझं नाव घेत नाहीत, अजूनही. "पोरगी देवाला हवी होती तर माझ्या तोंडावर मागायची होती, भिंतीआड पळवून न्यायची नव्हती," हे तू गेलीस त्या दिवशी म्हणाले, ते शेवटचं. पुढे मासेमारीची बोट विकली, पण तिच्यावरचं तुझं नाव खरवडलं नाही. आता एक गोष्ट सांगते, जी तू कधी विचारली नाहीस. मी उपवासकाळ सोडून दर महिन्याला मठाच्या भेटीच्या खोलीत तुझ्या जाळीशी येऊन बसते ना, तेव्हा बसने येत नाही. बाबा गाडीने आणून सोडतात, आणि मी बाहेर येईपर्यंत फाटकापाशी गाडीतच पेपर वाचत बसतात. एकच पेपर, पुन्हा पुन्हा.

तुझी आई


२० मार्च

चि. पिना,

काल संत योसेफांचा सण झाला. तुझं पिना हे नाव त्यांच्यावरूनच, म्हणजे तुझ्याही नावाचा दिवस, म्हणून मेणबत्ती लावली. चर्चच्या सभागृहात नेहमीसारखं टेबल मांडलं होतं. मांस नाही, मासे, वांगी, शेंगा, पाव, आणि दारात येईल त्याला जेवण. हातोडा, शिडी, करवत अशा आकारांचे पाव करायचं काम यंदाही आपल्या आळीकडे होतं. माझी करवत ओव्हनमध्ये फुगली. आत्याने सगळ्यांसमोर ती उचलून धरली.

"वहिनी, ही करवत आहे की बांगडा? संत योसेफ सुतार होते बाई, त्यांना कशाला जाळ्यात ओढतेस?"

सगळे हसले. बाबाही हसले, मग खोकत राहिले.

लसूणपावाचं ताट फिरत त्यांच्यापाशी आलं. त्यांनी ते शेजाऱ्याकडे सरकवलं. आत्याच्या नजरेतून काही सुटतं का?

"दादा, तोंड शिवलंयस का?"

"सोडलाय," बाबा म्हणाले.

"तू? उपवासकाळात सोडलायस? अरे, जन्मात कधी सिगारेट सोडली नाहीस, आणि सोडून सोडलंस काय, तर लसूणपाव! देवाला हिशोब तरी लागेल का?"

"देवाला लागेल. तुला नाही लागला तरी चालेल."

येताना गाडीत मी विचारलं, कशासाठी सोडला. म्हणाले, "पोरीसाठी."

घाई केली तर हा माणूस पुन्हा मिटेल, अशी भीती वाटली.

"ईस्टरच्या सोमवारी मी आत येईन, आगाता. गाडीत नाही बसणार. तू पाव करून घे. पहिला घास मी तिच्यासमोर खाईन. तिला दिसू दे."

"मी उद्याच मदरना फोन करते. अशा कामासाठी त्या बोलावतील तिला."

"खबरदार! तिने तिचा नियम पत्करलाय. उपवासकाळात तिला बाहेर ओढायचं नाही. इतकी वर्षं त्या नियमाला मी शिव्या घातल्या. आता एकदा पाळू दे मला."

पिना, मी काल रडले नाही. घरी येऊन भांडी घासली, जमाखर्च लिहिला, मग गुडघे टेकून बसले, तर प्रार्थनेचा एक शब्द आठवेना. नुसतं सोमवार, सोमवार म्हणत होते.

तुझी आई


२८ मार्च

चि. पिना,

घसा धरला आहे असं लिहिलं होतं, ते सावरून लिहिलं होतं. बाबांच्या अन्ननलिकेत गाठ आहे. फेब्रुवारीत कळलं. तुला कळवायचं नाही असं त्यांनी माझ्याकडून कबूल करून घेतलं. "मी आजारी म्हणून तिला कणव यायला नको," म्हणाले. पत्रं तुझ्या हाती पडतील त्याच्या दुसऱ्याच दिवशी आपण तिघं समोरासमोर बसू, असं धरून चालले होते, म्हणून लपवायला अवघड गेलं नाही. आता तसं धरून चालता येत नाही.

सूप गाळून द्यावं लागतं. डॉक्टर म्हणाले, पोटातून नळी घालू. बाबा म्हणाले, "मी काय मोटार आहे, बाजूचं झाकण उघडून भरायला?" नर्सला हसू आलं, मला नाही. डॉक्टरांनी मला बाहेर बोलावून सांगितलं की ईस्टरची खात्री देता येत नाही. आणि माणूस राहिला तरी घास उतरण्याची वाट त्याआधीच बंद होईल.

समजलं ना तुला? आज पाव सूपात बुडवून मऊ केला तर उतरेल. सोमवारी उतरणार नाही. आणि त्यांनी तो सोडलाय सोमवारपर्यंत.

मी भांडले. म्हटलं, "बास्तियानो, रविवार उपवासकाळात मोजत नाहीत. फादर लुईजी स्वतः रविवारी केक खातात. उद्या एक तुकडा खा."

"रविवारी पिना जाळीशी येते का?"

"नाही."

"मग?"

तू त्यांचीच लेक.

दुसरं वाईट काल घडलं. थंडीने आंबवण सुस्तावलं होतं, म्हणून बरणी ओव्हनमध्ये ठेवून आतला दिवा लावला होता. पेटवू नये म्हणून मुठीला तुझी लाल फीत बांधली होती. आत्या वांग्याची थाळी घेऊन आली. मी वर बाबांचं अंथरूण बदलत होते. तिने फीत सोडून घडी घालून ठेवली, ओव्हन पूर्ण जोरात पेटवला आणि जपमाळ ओढत बसली. मी वास आला म्हणून खाली धावले. बरणी तडकली होती, आत करपलेला गोळा.

"घर पेटल्यासारखं तोंड काय करतेस, वहिनी? पीठ आणि पाणीच ना?"

"पिनाचं होतं."

आत्या खालीच बसली. ती गप्प बसलेली मला पाहवेना, म्हणून मीच तिला वांगी वाढली.

नवं आंबवण धरायला वेळ लागेल, आणि ते तुझं असणार नाही. मठात जाताना निम्मं तू तुझ्याबरोबर नेलं होतंस. दारावरच्या सिस्टर ओडिल सांगतात की आत अजून त्याचाच पाव होतो. बुधवारी येऊन मागून नेते. बाबांना सांगेन, आंबवण आणायला जाते. खोटं होणार नाही.

तुझी आई


३ एप्रिल

पिना,

बुधवारी तुझ्या दाराशी येऊन गेले, ते तुला ठाऊक आहेच. तरी माझ्या बाजूने काय झालं ते लिहिते.

आत्याच्या गाडीतून आले. भिंतीतल्या फिरत्या कपाटाची घंटी वाजवली. पलीकडून सिस्टर ओडिलचा आवाज आला.

"कोण? वेरोनिकाची आई? बाई, तुमच्या पावाने आमच्यातल्या निम्म्या जणी जाड झाल्या. काय हवंय?"

आंबवण मागितलं. त्या आणायला निघाल्या, तेवढ्यात माझ्या तोंडून निघून गेलं. बाबांना दिलेला शब्द मी मोडला, पिना. सगळं सांगितलं. गाठीचं, डॉक्टरांचं, सोडलेल्या पावाचं, घास बंद होत चाललाय त्याचं. म्हटलं, त्यांचं मन वळलं आहे, आज त्यांच्या पायांत आत यायची ताकद आहे, एकदा पिनाला जाळीशी बोलवा. उद्या, परवा, कधीही. मी त्यांना कशीही घेऊन येते.

सिस्टर आत धावत गेल्या. परत येऊन म्हणाल्या, मदरनी लगेच परवानगी दिली, उद्या दुपारी घेऊन या. मी भिंतीला हात टेकले. थोड्या वेळाने त्या पुन्हा आल्या आणि त्यांचा आवाज बदलला होता.

"बाई, वेरोनिका नको म्हणते."

"काय?"

"तिने या उपवासकाळचं मौन वडिलांसाठी वाहिलंय. त्यांचं मन वळावं म्हणून. ते मध्येच मोडणं म्हणजे दिलेलं परत घेण्यासारखं आहे, म्हणते."

"अहो, पण वळलंय! वळलंय म्हणून सांगा तिला!"

"सांगितलं. खूप रडली. म्हणाली, म्हणजे देव ऐकतो आहे, आता तर मोडायचं नाहीच. ईस्टरला या म्हणते. तोवर देव त्यांना ठेवील, असा तिचा भरवसा आहे."

"सिस्टर, तिला म्हणावं, तुझा बाप गिळू शकत नाही."

मग कपाट फिरलं. आत बरणी होती, वरून स्वच्छ फडकं बांधलेलं. तुझी गाठ मी ओळखली.

आत्या गाडीत बसली होती. तिला सांगितलं. म्हणाली, "बाप तसा, लेक तशी. दोघांना एका बोटीत घालून समुद्रात सोडायला हवं होतं, लहानपणीच." आणि वाटभर डोळे पुसत गाडी चालवत राहिली. मी तिला म्हटलं, रस्ता बघ.

घरी बाबा खिडकीशी वाट पाहत होते. आवाज आता घोगरा झाला आहे.

"मिळालं?"

"मिळालं. तिचंच आहे."

"तिला काही कळलं नाही ना?"

"नाही."

"बरं केलंस," म्हणाले. मग बरणी मांडीवर घेऊन झाकण उघडलं आणि वास घेत बसले. मी स्वयंपाकघरात निघून गेले.


१६ एप्रिल, पवित्र गुरुवार

पिना,

बाबा पाण्यावर आहेत. तेही चमच्याने. हॉस्पिटलात जायचं नाही म्हणतात, तिथून सोमवारी सोडणार नाहीत म्हणून.

झावळ्यांच्या रविवारी मी पाव केला. तुझ्या बरणीतला. काय उठला होता म्हणून सांगू. वरची क्रुसाची चीर उघडून तिच्या कडा कानांसारख्या उभ्या राहिल्या होत्या. अशा पावाला घरात खाणारं कुणी नव्हतं. काल फादर लुईजी प्रसाद घेऊन आले. बाबांना त्याचा कणभर तुकडा पाण्याबरोबर दिला, तो उतरायलाच किती वेळ गेला. मी फादरना जिन्यात धरलं आणि सगळं सांगितलं. ते परत वर आले.

"बास्तियानो, मी तुला या व्रतातून मोकळा करतो. मला तो अधिकार आहे. बायको लसूणपाव आणते आहे, जिभेला तरी लाव."

"फादर, तुम्हाला विचारून सोडला होता का?"

"नाही."

"मग तुम्ही कसे सोडवणार?"

फादर हसले आणि मग खिडकीबाहेर पाहू लागले. मी तरी पाव ज्वाळेखाली धरून घेऊन गेले. म्हटलं, घास नको, चव नको, नुसता लसूण बोटाने ओठाला लावते. त्यांनी माझं मनगट धरलं. अजून जोर आहे हातात. तुकडा माझ्या हातून घेतला, नाकाशी नेला, डोळे मिटले. मला वाटलं आता खातील. देवाशपथ, मला वाटलं.

तुकडा ताटलीत ठेवला. "सोमवारी," म्हणाले.

मी खाली आले आणि तो तुकडा उभ्याउभ्या खाल्ला. टाकून कसा द्यायचा?

नवा शर्ट काढून इस्त्री करायला सांगितलं आहे. निळा. तुला निळा आवडायचा, असं म्हणाले. पिनाला निळा आवडायचा. नाव घेऊन म्हणाले. तुझ्या कानांनी ऐकायचं ते मी ऐकते आहे आणि लिहून मदरच्या कपाटात बंद करायला पाठवते आहे. मला सांग, यात कोणाचं भलं होतं आहे?

आता प्रार्थना करते ती ओठांनीच. जपमाळेचे मणी सरतात, मी कुठे आहे ते कळत नाही.


२४ एप्रिल

पिना,

तुझं पत्र मिळालं.

बाबा शनिवारी सकाळी गेले हे मदरनी तुला सांगितलंच. कसे गेले ते कोणी सांगितलं नसेल. मी सोमवारच्या पावाची कणीक भिजवत होते. एक दिवस थंड जागी ठेवली की आंबटपणा चांगला येतो, म्हणून शनिवारीच भिजवायला घेतली. वर पाणी द्यायला गेले तेव्हा ते उशीला टेकून बसले होते. म्हणाले, "फाटकापासून आत किती चालावं लागतं?" मी म्हटलं, फार नाही, थोड्या पायऱ्या आहेत. म्हणाले, "आत्तापासून पायांना सांगून ठेवतो." मी कणकेला घड्या घालायला खाली आले, परत वर गेले, तोवर संपलं होतं. मोठं काही झालं नाही. कणकेचे हात घेऊनच आत्याला हाक मारायला धावले.

शर्ट निळाच घातला.

पाव मी भाजला. पीठ फुकट कसं घालवू? मंगळवारी दफनानंतर माणसं घरी आली, त्यांना लसूण लावून दिला. सगळ्यांनी बोटं चाटली. जुन्या बोटीवरचा साल्वातोरे म्हणाला, "वहिनी, आजवर खाल्लेल्यात हा सगळ्यात चांगला." आत्या त्याला म्हणाली, "गप्प बस, गाढवा," आणि स्वतःचा तुकडा घेऊन मागच्या दारी गेली. तुझी जागा रिकामी होती. मठाच्या नियमाने तुला दफनाला येता येत नाही, हे मी सगळ्यांना समजावून सांगितलं. नीट सांगितलं. तुझ्या बाजूने सांगितलं.

तू लिहितेस: "आई, मी बाबांना देवाच्या हवाली केलं होतं. ते वाया गेलेलं नाही. त्यांचं मन वळलं, याहून मोठं काय मागायचं? त्या बुधवारी नको म्हणणं मला किती जड गेलं ते देवालाच ठाऊक. पहिल्या सोमवारी ये. मी जाळीशी असेन. आपण त्यांच्याविषयी बोलू."

तू किती जड गेलं म्हणतेस ते मी मानते. खोटं बोलणारी तू नव्हेस. पण त्यांचं मन तुझ्या मौनाने वळलं नाही, पिना. ते फाटकाबाहेर गाडीत बसून वळत होतं, दर महिन्याला थोडं थोडं, तू आत गेलीस तेव्हापासून. हे मी पाहत होते. तू वाहिलंस ते दान नव्हतं, माणूस होता. त्याला फक्त तुझ्यासमोर बसून एक घास खायचा होता. मदर हो म्हणाल्या होत्या. दार उघडं होतं. देवाने मागितलंच नव्हतं ते तू त्याला दिलंस, आणि ज्याने मागितलं त्याला दिलं नाहीस.

हे लिहिणं पाप असेल. काल पापनिवेदनाला गेले होते.

फादर म्हणाले, "लेकीला क्षमा करतेस ना, आगाता?"

"नाही, फादर."

"करावीशी वाटते तरी का?"

"तेही नाही."

मग हळू म्हणाले, "करावीशी वाटावी, असं तरी वाटतं?"

मी म्हटलं, "फादर, घरी कुत्रं उपाशी आहे, मला जायला हवं." आपल्याकडे कुत्रं नाही हे त्यांनाही ठाऊक आहे. त्यांनी अडवलं नाही. पापमोचनाशिवाय घरी आले. जन्मात पहिल्यांदा.

तू मोठी झालीस तशी मी तुझ्या बाजूने उभी राहिले. तू आत जायचं म्हणालीस तेव्हा या घरात हो म्हणणारी मी एकटी होते. बाबांचा राग मी अंगावर घेतला, समजावलं, थांबले, दर महिन्याला तुझी खुशाली त्यांच्या कानावर पडेल अशी मोठ्याने आत्याला सांगत राहिले. राग कसा असतो, तो माणसाला किती वर्षं गाडीत बसवून ठेवतो, ते मी जवळून पाहिलं आहे. आपल्याला तसं कधी होणार नाही असं वाटायचं.

त्यांनी तुला माफ केलं होतं. त्यांचं ते झालं, पुरं झालं, तुला त्याची काळजी नको.

पहिल्या सोमवारी जाळीशी येऊन बसू नकोस. मी येणार नाही.

आई